दाम मोजले, मालकी कुणाची?
युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये ‘द क्रू’ हा रस्त्यावरील मोटारशर्यतींचा व्हिडिओ गेम बाजारात आणला. एकट्यानेच गाडी पिटाळायची असली, तरी कंपनीच्या सर्व्हरशी इंटरनेटची जोडणी अखंड हवी. ती तुटली की खेळ खुंटला! ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हरच बंद केले आणि रोख पैसे मोजून घेतलेली तबकडी निव्वळ शोभेची उरली. खेळाडूंचा संताप अनाठायी कसा म्हणावा? डिजिटल खेळ विकताना ग्राहकास केवळ वापराचा परवाना मिळतो, हे स्पष्ट सांगणे कॅलिफोर्नियात २०२५ पासून बंधनकारक झाले आहे. परंतु सांगून केलेला अन्याय हा न्याय ठरत नाही. ज्याने दाम घेतले, त्याने वस्तू ग्राहकाच्या हाती चालती ठेवलीच पाहिजे.