शेंडेनक्षत्राचा मार्ग कसा मांडतात?

शेंडेनक्षत्र दिसले की राजा मरणार की दुष्काळ पडणार, असे आपले आजे-पणजे विचारीत. ज्योतिर्विद मात्र विचारतो की हे येते कोठून आणि परत केव्हा येणार? या साध्या प्रश्नाचे उत्तर काढणे किती अवघड आहे, ते हेल-बॉप धूमकेतूच्या उदाहरणावरून सांगतो.

२३ जुलै १९९५ च्या रात्री अमेरिकेत दोघांना तो स्वतंत्रपणे दिसला. ॲलन हेल हे पदवीधर ज्योतिर्विद. थॉमस बॉप हे बांधकामाचे साहित्य बनविणाऱ्या कारखान्यातले व्यवस्थापक. बॉप यांच्याजवळ स्वतःची दुर्बीणसुद्धा नव्हती, मित्राच्या दुर्बिणीतून पाहत होते. (व्यवस्थापकाची इतकी मोकळी स्तुती मी सहसा करीत नाही!)

आता अडचण पाहा. दुर्बिणीतून धूमकेतूची दिशा कळते, अंतर कळत नाही. दिशा म्हणजे दोन आकडे, विषुवांश आणि क्रांती. कक्षा पुरती ठरवावयाची तर सहा गोष्टी हव्यात: ती केवढी, किती लांबट, तिची पातळी कोणत्या बाजूस आणि किती कललेली, त्या पातळीत तिचे तोंड कोणीकडे, आणि धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ केव्हा येतो. तेव्हा निदान तीन रात्रींचे वेध लागतात. वेळ अचूक टिपलेली नसेल तर वेध फुकट.

पण दिशांवरून अंतर निघते कसे? तिन्ही रात्री पृथ्वी कोठे होती हे आपणांस ठाऊक असते. तेथून तीन दोऱ्या त्या त्या दिशेने ताणल्या अशी कल्पना करा. धूमकेतू प्रत्येक दोरीवर कोठे तरी आहे. त्याचा मार्ग सूर्यातून जाणाऱ्या एकाच पातळीत हवा, आणि सूर्यापासून त्याच्यापर्यंत काढलेल्या रेषेने सारख्या वेळात सारखे क्षेत्रफळ आक्रमिले पाहिजे. या अटी पाळणारी जागा धरून पाहत, सुधारीत जावयाचे. १८०१ मध्ये हरवलेला सेरेस हा लघुग्रह गाउसने अशाच गणिताने पुन्हा सापडवून दिला. धूमकेतूंसाठी ओल्बर्सने त्याआधीच, १७९७ मध्ये, सोपी रीत दिली होती. कक्षा अन्वस्त आहे असे धरले की लांबटपणाचा आकडा आयता मिळतो, आणि पाचच गोष्टी शोधावयाच्या उरतात.

हजारो वर्षांनी फिरणाऱ्या धूमकेतूची खरी गोम येथेच आहे. त्याचे लंबवर्तुळ इतके लांब असते की सूर्याजवळचे त्याचे टोक आणि अन्वस्त यांत फरक दिसत नाही. नखाएवढ्या काचेच्या तुकड्यावरून बांगडी कोणत्या मापाची, हे कासारालाही सांगवत नाही. वक्रतेत केसभर चूक झाली की कालावधीत हजारो वर्षांची तफावत पडते.

हेल-बॉपचे तेच झाले. सापडला तेव्हा तो गुरूच्याही पलीकडे, सूर्यापासून सुमारे १०७ कोटी किलोमीटरवर, अगदी सावकाश सरकत होता. थोड्या दिवसांच्या वेधांवरून कक्षा पक्की होईना. मग रॉबर्ट मॅकनॉट यांना ऑस्ट्रेलियातील सायडिंग स्प्रिंग येथे २७ एप्रिल १९९३ रोजी घेतलेल्या छायाचित्राच्या जुन्या काचेवर तो सापडला. दोन वर्षे तो तेथे होता, कोणाच्या लक्षात आला नव्हता. कामगारांच्या तंट्यात नोकरी किती वर्षांची यावर तासन्‌तास वाद चालतो, आणि जुना हजेरीपट निघाला की मिटतो; तसेच हे. नखाएवढ्या तुकड्याचा एकदम सव्वादोन वर्षांचा कंस झाला. १ एप्रिल १९९७ ला धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ आला, आणि नुसत्या डोळ्यांनी लोकांनी तो महिनोन्‌महिने पाहिला.

एवढे करूनही कक्षा कायमची ठरत नाही. एप्रिल १९९६ मध्ये तो गुरूजवळून गेला आणि गुरूने त्यास ओढले. येताना त्याची फेरी सुमारे ४,२०० वर्षांची होती; जाताना ती सुमारे २,५०० वर्षांची झाली. म्हणून ज्योतिर्विद कक्षेच्या आकड्यांपुढे ते कोणत्या तारखेचे, हेही लिहून ठेवतात.