सहाणेवरचा मुक्काम

रेवस ते रेड्डी हा सागरी मार्ग नकाशात किनाऱ्याला धरून सरळ गेलेला दिसतो. सायकलवरून तो फार वेगळा असतो. कोकणचा किनारा खाड्यांनी तोडलेला, आणि दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्याचा सडा उभा. गाव समुद्राच्या पातळीला. गावातून निघालं की खडी चढण, वर सड्यावर थोडा सपाट रस्ता, लगेच पुढच्या गावाकडे उतार. दिवसभर हेच चालतं. त्यामुळे देशावर दिवसाला शंभर किलोमीटर सहज जाणाऱ्याने इथे साठ-सत्तर धरावेत, आणि तेही सामान बेताचं असेल तर.

मी मिरजेची, शाळेत भूगोल शिकवते. माझी नणंद आणि मी थंडीत या रस्त्यावर सायकली घेऊन उतरतो. त्यातल्या एका दिवसाबद्दल सांगते, म्हणजे या प्रवासाची रीत कळेल.

हर्णैहून उजाडता उजाडता निघालो. उजवीकडे सुवर्णदुर्ग, बंदरावर होड्यांची लगबग. पुढे मुरुड, महर्षी कर्व्यांचं गाव. १८७५ साली परीक्षेसाठी ते इथून डोंगर चढून पायी साताऱ्याला गेले होते, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. तो घाट मनात आणला की आपल्या चढणीबद्दल तक्रार करवत नाही. कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे अशी गावं घेत घेत दुपारी दाभोळला पोचलो. चढणीवर आमचा नियम एकच: पुढचं सगळ्यात लहान चक्र, मागचं सगळ्यात मोठं, आणि बोलता येईल इतक्याच वेगाने पाय मारायचे. धाप लागून बोलणं तुटलं की उतरून सायकल हाती धरायची. चालण्यात कमीपणा नाही.

दाभोळ हे बहामनी काळातलं नामांकित बंदर. रशियन प्रवासी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात मायदेशी परतताना इथूनच जहाजात चढला. आज धक्क्यावर शाही मशीद उभी आहे आणि समोर वाशिष्ठीच्या मुखाचं रुंद पाणी. पलीकडे धोपावे. २००३ साली इथे फेरीबोट सुरू झाली. त्याआधी गाडीने गुहागरला जायचं तर खेड-चिपळूणवरून मोठा वळसा पडायचा. बोटीत ट्रक, मोटारी, माशांच्या टोपल्या आणि आमच्या सायकली एकाच फळीवर. ही काही मिनिटं पायांना विश्रांती, म्हणून आम्ही खाणं तिथेच उरकतो. खाड्यांवर पूल होणार आहेत. गावांच्या सोयीसाठी ते व्हायलाच हवेत, पण सायकलवाल्याचा हा हक्काचा विसावा जाईल.

गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन घेतलं आणि पालशेटच्या रस्त्याला लागलो. आता खरा प्रश्न मुक्कामाचा. आम्ही खोल्या आधी राखून ठेवत नाही. वारा, चढ, पंक्चर यांचा हिशोब सकाळी लागत नाही, आणि पैसे भरलेली खोली गाठायची म्हणून अंधारात सड्यावर सायकल चालवणं धोक्याचं. परदेशात सायकल प्रवाशांना घरी उतरवून घेणाऱ्या यजमानांचं वॉर्मशॉवर्स नावाचं जाळं १९९३ पासून आहे. आपल्या खेड्यांत असली नोंदणी लागत नाही. चार वाजले की जे गाव येईल तिथल्या दुकानात चहा घ्यायचा आणि सरळ विचारायचं.

त्या दिवशी दुकानदाराने आम्हाला गावकरांकडे, म्हणजे गावच्या मानकऱ्यांकडे पाठवलं. त्यांनी विचारलं, “ताई, दोघीच? सकाळी किती वाजता निघणार?” मग म्हणाले, “शाळेला कुलूप आहे. सहाणेवर झोपाल?”

सहाण म्हणजे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी जिथे बसते ती जागा. एरवी वर्षभर ती मोकळीच असते. ही होती जांभ्याचा कंबरभर चौथरा, वर पत्र्याचं छप्पर, चार रंगवलेले खांब. मधोमध पालखी ठेवायचा सिमेंटचा ओटा; त्यावर झेंडूच्या जुन्या, वाळलेल्या पाकळ्या चिकटलेल्या. समोर होमाची काळी पडलेली जागा. गावकरांनी हाताने दाखवलं: ओट्याला पाय करून झोपायचं नाही, चपला खाली, चूल पेटवायची नाही. मग एका मुलाला सांगून वायर ओढून बल्ब लावून दिला. शेजारच्या घरातल्या काकू अंघोळीला गरम पाणी आहे म्हणून बोलवायला आल्या. जेवायला त्यांच्याकडेच कुळथाची पिठी, भात, तळलेला बांगडा आणि सोलकढी. पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या. नणंदेने त्यांच्या नातीच्या हातात दिले. हे मी आग्रहाने सांगते, कारण फुकट जेवून जाणाऱ्या प्रवाशांमुळे पुढच्या माणसाला दार बंद होतं.

रात्री आठनंतर बायका-मुलं चौथऱ्याच्या कडेला येऊन बसली. दोन बायका एवढ्या लांब सायकलवर का आल्या, घरचे काय म्हणतात, रोज किती खर्च येतो, सगळं विचारून झालं. एका आजींनी तर सायकलची सीट दाबून पाहिली आणि नाराजी दाखवली. अनोळखी गावात उघड्यावर झोपणं बाईला सुरक्षित आहे का, हे मला नेहमी विचारतात. माझा अनुभव असा, की सगळ्या गावाला माहीत असलेली जागा हीच सगळ्यात सुरक्षित. कोणाला न सांगता किनाऱ्यावर तंबू ठोकणं मी कधीच सुचवणार नाही.

तुम्हाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी हे दिवस उत्तम. सोबत दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, पातळ चटई, चादर, मच्छरदाणी आणि ओळखपत्र एवढं पुरे. मुक्काम मागताना आधी गावकर, सरपंच किंवा देवळाचे पुजारी यांना भेटा, आणि निघण्याआधी जागा झाडून द्या. फाल्गुनात मात्र सहाण मागू नका. तेव्हा तिथे पालखी असते.