बावखलाचा हिशोब

आमच्या वाडीमागे बावखल होतं. वसईबाहेर हा शब्द फारसा कुणाला ठाऊक नाही. बावखल म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारं वाडीतलं तळं. ते पाणी मुरायचं, म्हणून समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही विहिरी गोड्या राहायच्या. त्यावरच केळी, पानवेल, मोगरा. आजी राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करायची.

आता मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. राष्ट्रीय उत्पन्नाचा धडा आला की बावखल आठवतं. त्याचं पाणी फुकट, म्हणून उत्पन्नात त्याची नोंद शून्य. ते बुजवून इमारत उभी राहिली, ते बांधकाम जमेला. विहिरी खारावल्या, टँकर आला, त्याचे पैसेही जमेलाच. आकडा दोनदा वाढला आणि पाणी विकतचं झालं.

वाढ झालीच नाही, असं मी म्हणणार नाही. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार शहर 12 लाखांवर गेलं. मुंबईत घर न परवडणाऱ्यांना इथे छप्पर मिळालं. माझं शिक्षणही जमिनीच्या पैशांवरच झालं. पण पैसा आला तो सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यांकडे. आमच्याकडे खुरपणीला येणाऱ्या आदिवासी मावशींचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. वाडी विकली आणि त्यांची मजुरी गेली. आमच्या दोन घरांची सरासरी काढली, तर मावशीही सुखवस्तू दिसतील.

सायमन कुझ्नेट्स या अर्थतज्ज्ञाने 1955 साली मांडलं, की विकासाच्या सुरुवातीला विषमता वाढते, पुढे कमी होते. त्यात पुरावा पाच टक्के आणि अंदाज पंचाण्णव, हेही त्यांनीच सांगून ठेवलं. विषमता आपोआप ओसरत नाही. वाढीचा पैसा सरकारी शाळेत, दवाखान्यात आणि सगळ्यांच्या नळात उतरावा लागतो.

नळाचंच बघा. आमच्याकडे सूर्या धरणाचं पाणी येतं. ते धरण आपल्याच जिल्ह्यातल्या आदिवासी पट्ट्यात, तिथली शेती भिजावी म्हणून बांधलेलं. म्हणजे मावशींच्या माणसांचं पाणी आम्ही पितो. ते पिताना निदान एवढं तरी करायला हवं: उरलेली बावखलं बुजवू द्यायची नाहीत, आणि तिकडच्या शेतांचा वाटा आधी पोचू द्यायचा.