पंपाचा आवाज आणि पाण्याचा दाब



रब्बी हंगाम संपत आला आणि विहिरीचे पाणी खाली गेले की एक तक्रार हमखास ऐकू येते. पंप चालू केला की आत खडे पडल्यासारखा खडखडाट होतो, पाण्याची धार बारीक पडते आणि ऐन उन्हात उसाची किंवा भुईमुगाची पाळी लांबते. अशा वेळी ‘पंप कमी पडतो’ असे समजून ५ अश्वशक्तीच्या जागी ७.५ अश्वशक्तीचा पंप बसविला जातो. खर्च होतो, पण आवाज जात नाही. उलट पुष्कळदा वाढतो. कारण दोष बहुधा पंपात नसून पंपापर्यंत येणाऱ्या पाण्यात असतो. म्हणून नवा पंप घेण्यापूर्वी सक्शनची बाजू तपासावी.

नुकसान किती होते?

२०० लिटरचा पिंप डिलिव्हरीच्या धारेखाली ठेवून तो किती सेकंदांत भरतो ते पाहावे. २० सेकंद लागले तर पंप सेकंदाला १० लिटर पाणी देतो. २५ सेकंद लागले तर ८ लिटर. फरक किरकोळ वाटतो, परंतु आठ तास वीज असल्यास तो ५७,६०० लिटर होतो. पाच सेंटिमीटर खोलीची पाळी धरली तर एवढ्या पाण्यात सुमारे ११ गुंठे क्षेत्र भिजते. पंप बसविताना ही वेळ एकदा मोजून वहीत लिहून ठेवावी, म्हणजे पुढे बिघाड लवकर लक्षात येतो.

खडखडाट का होतो?

पंप पाणी वर ओढतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात पंप सक्शन पाईपमध्ये पोकळी निर्माण करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब विहिरीतील पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब १०.३ मीटर उंचीच्या पाण्याएवढा असतो. ६०० मीटर उंचीवरील पठारी भागात तो सुमारे ९.६ मीटर भरतो. त्यातून पाईप, बेंड व फूटव्हॉल्व्हमधील घर्षण वजा जाते. म्हणून पंपाच्या मध्यापासून पाण्याच्या पातळीपर्यंतचे उभे अंतर ६ मीटर, म्हणजे सुमारे २० फुटांपेक्षा जास्त ठेवू नये.

अंतर वाढले की पंख्याच्या तोंडाशी दाब इतका कमी होतो की थंड पाण्याचीही वाफ होऊन बुडबुडे तयार होतात. हे बुडबुडे पंख्यात पुढे जास्त दाबाच्या जागी गेले की फुटतात. त्यांचाच तो खड्यांसारखा आवाज. या माऱ्याने पंख्याला खड्डे पडतात आणि पाणी कायमचे कमी होते. मोठा पंप त्याच पाईपमधून अधिक पाणी ओढू पाहतो, घर्षण वाढते आणि बुडबुडेही वाढतात.

सोपी परीक्षा

पंप चालू असताना डिलिव्हरीचा गेटव्हॉल्व्ह थोडा बंद करावा. खडखडाट कमी झाला तर दोष सक्शनमध्ये आहे असे समजावे. त्यानंतर पुढील क्रमाने पाहणी करावी.

१. पाण्याची पातळी दोरीने मोजावी. अंतर ६ मीटरपेक्षा जास्त असल्यास विहिरीत खालच्या टप्प्यावर पक्का ओटा करून पंप खाली घ्यावा. तसे शक्य नसल्यास पाण्यात बुडणारा पंप वापरावा.

२. फूटव्हॉल्व्हची जाळी शेवाळ व पाल्याने तुंबते. ती काढून स्वच्छ करावी. जाळी तळापासून निदान दोन फूट वर असावी आणि पंप चालू असताना पुरेशी बुडालेली राहावी. पंपात दरवेळी पाणी भरावे लागत असेल तर फूटव्हॉल्व्हचे चामडे किंवा रबर बदलावे.

३. धारेतील पाणी दुधासारखे पांढरट दिसले किंवा धार तुटक पडली तर हवा शिरत आहे. सांध्यांवर ओली चिकणमाती लिंपून पाहावी. ज्या सांध्यावर लिंपल्यावर आवाज बदलेल तेथील पॅकिंग बदलावे. ग्लँडची दोरीही पाहावी. ग्लँडमधून थेंब थेंब पाणी गळणे योग्य. पूर्ण कोरडी ग्लँड शाफ्ट खाते.

४. सक्शन पाईप डिलिव्हरीपेक्षा एक माप मोठा, कमीत कमी लांबीचा आणि पंपाकडे सतत चढता असावा. मध्ये उंचवटा असल्यास तेथे हवा साचते. काटकोनी एल्बोऐवजी लांब बेंड वापरावा.

इतर आवाज

मोटार नुसती गुणगुणते पण फिरत नाही, असे असल्यास एक फेज गेलेली असते. स्टार्टर ताबडतोब बंद करावा, नाहीतर वाइंडिंग जळते. सतत घरघर किंवा किरकिर येत असल्यास बेअरिंग झिजले आहे. दुरुस्तीनंतर पंप शांत चालतो पण पाणी कमी देतो, तर तो उलटा फिरत असावा. वायरमनकडून तीनपैकी कोणत्याही दोन फेज बदलून घ्याव्यात. पंप बंद करताना पाईपलाइनमध्ये दणका बसत असेल तर व्हॉल्व्ह हळूहळू बंद करून मग पंप थांबवावा.

पंपाला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून ठेवावेत. ओल्या जागी अर्थिंग नसलेली मोटार जीव घेते.

घरातही हाच नियम

वस्तीवरच्या घरी शॉवरला धार नसते किंवा गिझर आवाज करतो, तेव्हाही आधी पाणी येण्याची बाजू पाहावी. दहा मीटर उंचीमागे दाब एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर मिळतो. टाकीतील पाणी शॉवरपेक्षा तीन मीटर उंच असेल तर दाब केवळ ०.३ किलो. टाकी मोठी करून दाब वाढत नाही; उंच केली तरच वाढतो. पाईप बारीक असेल तर आहे तो दाबही वाटेतच संपतो. तेवढ्याच पाण्यासाठी पाईपचा व्यास निम्मा केला तर घर्षण सुमारे ३० पट होते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने शॉवरची छिद्रे बुजतात. गिझरच्या कॉइलवर पापुद्रा बसला की पाणी उकळल्यासारखा आवाज येतो. शॉवर उघडून स्वच्छ करावा, गिझर मात्र वीज बंद करून जाणकाराकडूनच साफ करून घ्यावा.

थोडक्यात, आवाज आला की आधी पंप बंद करावा, मग पातळी, जाळी, सांधे आणि पाईप या क्रमाने पाहावे. ही पाहणी अर्ध्या दिवसाचे काम आहे. ती केल्यावरही पाणी कमीच पडले, तरच नव्या पंपाचा विचार करावा.