क्लोरीनवर पहारा मीटरचा हवा, नाकाचा नको

ग्रामपंचायतीच्या विहिरीत टाकायची टीसीएल पावडर आणि दवाखान्याची फरशी पुसायचे हायपो, दोन्ही क्लोरीन वायूपासून बनतात. जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत आणि तिकडे सुरत-अंकलेश्वरला आपली कितीतरी मुले रसायनांच्या कारखान्यांत कंत्राटी कामावर आहेत. म्हणून बंधू-भगिनींनो, ब्लीच बनताना कशाकशावर लक्ष ठेवावे लागते ते समजून घेऊ.

हायपो करताना कॉस्टिक सोड्याच्या थंड द्रावणात क्लोरीन सोडतात. या क्रियेत उष्णता निघते. तापमान साधारण ३० ते ३५ अंशांच्या आत ठेवावे लागते, नाहीतर हायपोचे क्लोरेट होऊन माल कमजोर पडतो. मे महिन्यात खानदेशचा पारा ४५ च्या आसपास जातो. अशा वेळी कूलिंग बंद पडून चालत नाही.

दुसरे लक्ष पीएचवर. टाकीत थोडा कॉस्टिक कायम शिल्लक हवा, म्हणजे पीएच ११ च्या वर राहतो. कॉस्टिक संपल्यावरही क्लोरीन येत राहिला तर पीएच कोसळतो आणि वायू बाहेर पडू लागतो. कॉस्टिक संपत आला की रेडॉक्स मीटरचा आकडा झपकन चढतो. त्याच क्षणी क्लोरीनचा व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा. मात्र मीटरचा इलेक्ट्रोड वेळेवर साफ केला नाही, तर आकडा चुकीचा दिसतो.

"वास आला की पळू," असे कामगार म्हणतात. पण नाक वासाला सरावते. हवेच्या दहा लाख भागांत १ भाग क्लोरीन ही कामाच्या जागेची मर्यादा मानतात. १० भागांना जिवाला धोका असतो. हा फरक नाकाला कळत नाही.

गळती झालीच तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने उंच जागी जा. हा वायू जड असतो, खाली साचतो. कपडे काढा, डोळे १५ मिनिटे पाण्याने धुवा. बरे वाटले तरी दवाखाना टाळू नका, कारण फुप्फुसात पाणी काही तासांनीही भरू शकते. डॉक्टरांना 'क्लोरीन' हा शब्द सांगा. सफाई कामगारांनी हायपोत संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये. बादलीतही तोच वायू सुटतो.

३१ ऑगस्ट २०१९ ला शिरपूरजवळ वाघाडीच्या रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन दहाहून अधिक माणसे गेली. तो ब्लीचचा कारखाना नव्हता. पण भिंतीपलीकडे काय शिजते, हे कामगाराला आणि शेजारच्या गावाला माहीत हवे, हे त्या दिवशी आपल्याला कळले. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन ही माहिती देणे मालकावर बंधनकारक झाले.

तेव्हा कामावर गेल्यावर विचारा: क्लोरीनचा अलार्म कुठे आहे? मीटर शेवटचे कधी तपासले? मास्क कुठे ठेवले आहेत? उत्तर मिळाले नाही तर चार-पाच जणांनी मिळून औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. अर्ज लिहायला आम्ही सोबत बसू.