तोफेच्या बाराचे मंदगती चलच्चित्रण

काळ्या दारूची तोफ उडताना क्षणार्धात घडणाऱ्या क्रियांची अतिजलद चित्रे घेऊन ती नेहमीच्या गतीने दाखविण्याची व त्यांवरून मोजमापे काढण्याची पद्धती. ज्वाळा, धूर व तोफेचे मागे सरकणे ही नुसत्या डोळ्यांना एकच घटना भासते. या पद्धतीने तिच्यातील क्रम उलगडतो.

बेंजामिन रॉबिन्झ यांनी १७४२ मध्ये वर्णिलेल्या प्राक्षेपिकी लंबकाने गोळीचा वेग मोजता येत असे. पण बाराच्या वेळी काय घडते, ते दिसत नसे. एर्न्स्ट माख व पेटर साल्खर यांनी १८८७ मध्ये विद्युत् ठिणगीच्या प्रकाशात घेतलेली धावत्या गोळीची छायाचित्रे प्रसिद्ध केली. पुढे फिरत्या लोलकाचे फिल्म कॅमेरे आले व त्यांची जागा इलेक्ट्रॉनीय कॅमेऱ्यांनी घेतली.

अमेरिकन यादवी युद्धातील (१८६१–६५) १२ पौंडी ‘नेपोलियन’ तोफेचा सु. ५.५ किग्रॅ. वजनाचा गोळा सु. १.१ किग्रॅ. दारूने सु. ४४० मी./से. वेगाने बाहेर पडे. सेकंदास २४ चौकटी घेतल्यास लागोपाठच्या दोन चौकटींदरम्यान असा गोळा सु. १८ मी. जातो, १०,००० चौकटी घेतल्यास केवळ ४.४ सेंमी. जातो. अशा चित्रणातील एक सेकंद नेहमीच्या गतीने पाहण्यास सु. ७ मिनिटे लागतात.

चित्रणात प्रथम रंजकाच्या छिद्रातून धुराचा झोत उसळतो. गोळा व नळी यांमध्ये सु. २.५ मिमी. फट असल्याने काही वायू गोळ्याच्या आधीच मुखाशी पोहोचतो. गोळा सुटताच मागील वायू प्रसरण पावून त्यास क्षणभर वेढतो; नंतर गोळा धुरातून पुढे निघतो. दारूच्या ज्वलनोत्पादांपैकी वजनाने निम्म्याहून अधिक भाग घन असल्याने हा धूर दाट असतो. म्हणून वेग मुखाजवळ न मोजता धुरापलीकडे मोजतात.

तोफेच्या धक्क्याविषयीचा समजही यामुळे तपासता येतो. गोळा नळीत सु. १.४ मी. सरकेपर्यंत गाड्यासह १,०७० किग्रॅ. वजनाची ही तोफ, संवेगाच्या अक्षय्यतेच्या नियमानुसार, सु. ८ मिमी.च मागे जाते. डोळ्यांना दिसणारे मागे सरकणे मुख्यतः गोळा सुटल्यानंतरचे असते.

मापनासाठी कॅमेरा नळीच्या अक्षाशी काटकोनात ठेवून गोळ्याच्या मार्गाच्या प्रतलात ज्ञात लांबीची पट्टी उभारतात. चौकटींची संख्या पुरेशी असूनही प्रकाशन-काळ दीर्घ असल्यास प्रतिमा पुसट होते; तो एक लक्षांश सेकंद असल्यास गोळा सु. ४.४ मिमी.च सरकतो. ओळीओळीने प्रतिमा वाचणाऱ्या साध्या कॅमेऱ्यात वेगवान वस्तूचा आकार विकृत होतो. नळीतील दाब मात्र चित्रात दिसत नाही. त्यासाठी दाबमापक लागतो.

या चित्रणाचा प्रत्यक्ष उपयोग सुरक्षिततेसाठी होतो. गोळ्याविना काढलेल्या बारातही मुखातून जळते कण बाहेर फेकले जातात, हे त्यात दिसते. शिवाय नळीत धुमसते अवशेष राहू शकतात. म्हणून नवी दारू भरण्यापूर्वी ओल्या बोळ्याने नळी पुसणे आवश्यक असते. दारू भरणाऱ्याचा हात व मुख यांच्यासमोर धोका उभा असतो, तो याच वेळी.