समोर माणूस आलाय, हे रोबोला कसं कळतं?

भोर-वेल्ह्यातल्या बहुतेकांना लांबची रेल्वे पकडायला पुणे स्टेशन गाठावं लागतं. तिथे जून २०२० मध्ये रेल्वे सुरक्षा दलाने ‘कॅप्टन अर्जुन’ हा रोबो आणला. तो अर्ध्या सेकंदात प्रवाशाचं तापमान मोजायचा, जास्त निघालं तर अलार्म वाजवायचा. अंगातून सतत बाहेर पडणारी इन्फ्रारेड उष्णता सेन्सर टिपतो, त्यामुळे स्पर्शाची गरज नाही.

लोकांमध्ये वावरणारे काही रोबो अंतर आवाजावरून मोजतात. राजगडावर कड्यासमोर हाक मारली की ती परत येते ना, तसंच. फक्त हा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. माणूस एक मीटरवर असेल, तर प्रतिध्वनी साधारण ६ मिलिसेकंदांत परततो. जपानमध्ये २०१४ साली आलेल्या ‘पेपर’ रोबोच्या डोक्यात चार मायक्रोफोन आहेत. आवाज कोणत्या मायक्रोफोनवर आधी पोहोचला, यावरून बोलणारा कुठल्या बाजूला आहे ते ठरतं.

इथवर रोबोला ‘कोणीतरी आहे’ एवढंच कळतं. ‘तुम्ही कोण’ हे कळायला चेहऱ्याचा नमुना आधी साठवलेला लागतो. खरा प्रश्न इथे सुरू होतो. असा रोबो दिसला, तर चेहरा साठवला जातो का, हे तिथल्या कर्मचाऱ्यांना जरूर विचारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची तरतूद आहे. सरकारी यंत्रणांना मात्र काही सवलती आहेत.